दीड वर्षाचं पोर, डोंगर आणि लहरी हवा: जावं की राहू द्यावं?

पाऊलखुणा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे. लिहायचा योग आज आला तो घरात वाद पेटल्यामुळे.

पुढच्या महिन्यात डोंगरावर जायचं घाटतंय. मी, नवरा, सासू-सासरे आणि आमची दीड वर्षाची कन्या. मुक्कामाची जागा साधारण २,००० मीटरवर आहे. तिथून गाडीने ३,५०० मीटरवरच्या एका खिंडीपर्यंत जाता येतं, आणि नवऱ्याचा सगळा जीव त्या खिंडीत अडकलाय. अडचण हवेची आहे. रोज सकाळी अंदाज बघते. काल लख्ख ऊन दाखवत होते, आज गडगडाट, उद्या काय दाखवतील देव जाणे.

कन्या नुकतीच पळायला शिकली आहे. चालणं हा टप्पा तिने गाळलाच म्हणा ना. टोपी डोक्यावर टिकत नाही, मोजे पायात टिकत नाहीत, आणि 'नाही' सोडून दुसरं काही बोलता येत नाही.

सासूबाई म्हणतात, "एवढंसं लेकरू घेऊन कुठे उंडारताय? जरा मोठी होऊ दे." नवरा म्हणतो, "तिथे पोचलं की हवा बघून ठरवू." मला दोन्ही पटत नाही. पहिलं ऐकलं तर आम्ही कधीच घराबाहेर पडणार नाही. दुसरं ऐकलं तर ठरवायची वेळ येईल तेव्हा सगळे दमलेले, भिजलेले आणि चिडलेले असणार.

तर तुमचे अनुभव सांगा. पाठीवरची बाळसॅक घ्यावी की ढकलगाडी? खिंडीचा दिवस ठेवावा का? आणि वाटेत हवा फिरली तर 'चला परत' हे म्हणायचं कुणी? या शेवटच्या प्रश्नावर आमच्याकडे आत्ताच दोन तट पडलेत.

खवचट_आजोबा

हवेचा अंदाज निदान कधीमधी तरी बरोबर येतो. नात पुढच्या मिनिटाला काय करेल ते सांगणारं अ‍ॅप कुणी काढलं तर पहिलं गिऱ्हाईक मी.

भटकभवानी

जा. खुशाल जा. फक्त मूल नव्हतं तेव्हाच्या सहली डोक्यातून काढून टाक. तेव्हा आपण ठिकाणं बघायला जायचो. आता मुक्कामाला जायचं, ठिकाण दिसलं तर दिसलं. पोरीला खिंड, शिखर, सूर्यास्त यातलं काहीही नको असतं, तिला खडी हवी असते. आमचं ध्यान एका अप्रतिम दरीकडे पाठ करून एका डबक्याशी बसलं होतं. दगड टाकायचा, बाहेर काढायचा, माझ्या हातात द्यायचा, लगेच परत मागायचा. दरी आम्ही दोघांनी आळीपाळीने पाहून घेतली.

आणखी एक. डोंगराचं वेळापत्रक आणि या वयाच्या पोराचं वेळापत्रक झकास जुळतं. तिकडे सकाळी बहुधा उघडलेलं असतं, ढग दुपारी जमतात. पोरं पहाटे पाचला टक्क जागी होतात आणि जेवण झालं की आडवी. मोठ्यांनी जरा सोसलं तर सातला बाहेर, अकराच्या सुमाराला परत. दुपारची सर तिच्या झोपेत पडून जाते. दिवसाला एकदाच बाहेर पडायचं असं धरून चाला. संध्याकाळी उघडलं तर ती वरकमाई.

टिवल्याबावल्या

"मोठ्यांनी जरा सोसलं तर"... सुट्टीत पाचला उठण्याला आमच्यात शिक्षा म्हणतात.

अंदाजपंचे

आयडीवर जाऊ नका, हवामान हा माझा पोटापाण्याचा विषय आहे.

@पाऊलखुणा, अंदाज रोज फिरतो याचा अर्थ कुणी थापा मारतंय असा नाही. संगणकावरचं मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एकच उंची देतं. चांगल्या जागतिक मॉडेलांपैकी एक युरोपीय हवामान केंद्राचं आहे, त्याचा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा. सपाटीवर तेवढ्यावर भागतं. डोंगरात ९ किलोमीटरमध्ये दरी, कडा, धार आणि शिखर सगळं येतं, आणि मॉडेल त्या सगळ्याचं मिळून एक गुळगुळीत टेकाड करून टाकतं. तुमच्या फोनवर दिसणारं तापमान त्या टेकाडाचं असू शकतं. तुमची खोली त्याच्या खाली असेल, खिंड कितीतरी वर.

म्हणून अंदाज कुठल्या उंचीसाठी दिलाय ते आधी बघा, बऱ्याच संकेतस्थळांवर ते लिहिलेलं असतं. मग सरासरी दर १,००० मीटरला साडेसहा अंश उतरवा. मुक्कामी १८ अंश असतील तर तुमच्या खिंडीत ८ च्या आसपास, आणि वर वारा. नवरोबा टी-शर्टवर निघतील, त्यांना आत्ताच सांगा.

दुसरं म्हणजे दिवसाचं ते एकच चित्र बघणं सोडा. ढग आणि वीज काढली की माणसं सहल रद्द करतात, आणि प्रत्यक्षात दुपारी तीन ते पाच एवढाच मामला असतो. तासातासाचा अंदाज बघा. भटकभवानी म्हणतात ते बरोबर आहे: ऊन चढलं की उतार तापतात, हवा वर चढते, ढग वाढत जातात. सकाळी दहालाच ढग फुलकोबीसारखे उभे चढायला लागले तर दुपारची वाट बघू नका, बिऱ्हाड आवरायला घ्या.

आणि सहलीच्या तीन आठवडे आधी रोज अंदाज बघून रक्त आटवू नका. आधीच्या तीन-चार दिवसांत बघा, आणि रोज पहाटे पुन्हा.

घरकोंबडा

विरोधी पक्षाचं मत नोंदवतो. दीड वर्षाच्या मुलाला यातलं काहीही आठवणार नाही. थंडी, गाडीतले तास, अनोळखी खोली, बदललेलं पाणी, हे सगळं त्या जिवाने कुणासाठी सोसायचं? आईबापांच्या फोटोंसाठी. सासूबाई बरोबर बोलतायत. थोडं थांबलं तर डोंगर कुठे जात नाही.

दुपट्यातली

@घरकोंबडा, आठवणार नाही म्हणून करायचं नाही, तर मग तिला गोष्टी का सांगता? बागेत का नेता? आठवत नाही हे खरं आहे, पण त्या दिवशी तिने पहिल्यांदा धुक्यात हात घातलेला असतो आणि मूठ उघडून बघितलेली असते. माझ्या पोराने तासभर तेच केलं. धुकं पकडायचं, मूठ उघडायची, रिकामी बघून खिदळायचं. मला आठवतंय ना, तेवढं पुरे.

घरकोंबडा

@दुपट्यातली, म्हणजे मी म्हटलं तेच. तुमच्यासाठी.

दुपट्यातली

हो, माझ्यासाठी. दीड वर्ष धड झोपलेली नसते आई, तिची सुट्टी तिच्यासाठी असली तर बिघडलं कुठे?

भटकभवानी

+१००००

कडूकाढा

मुलांचा डॉक्टर आहे. इथे औषधं सांगत नाही, व्यनितूनही (व्यक्तिगत निरोपातूनही) विचारू नये. धाग्यात उंचीवर अजून कुणी नीट बोललेलं नाही म्हणून लिहितो.

२,००० मीटरवर मुक्काम असेल तर निरोगी मुलाला उंचीचा त्रास सहसा होत नाही. हा विषय खरा सुरू होतो २,५०० च्या वर झोपायचं असेल तेव्हा. मुलांना तो मोठ्यांइतकाच होतो, जास्तही नाही, कमीही नाही. फरक एवढाच की मोठा माणूस डोकं दुखतंय, मळमळतंय असं सांगतो. दीड वर्षाचं पोर सांगणार कसं? ते किरकिरतं, खात नाही, खेळत नाही, झोपत नाही. उंचीचा त्रास मोजायची लेक लुईस नावाची पद्धत आहे, तिची न बोलणाऱ्या मुलांसाठीची आवृत्ती नेमकं हेच विचारते: किरकिर किती, आणि भूक, खेळ, झोप कशी.

आता पंचाईत अशी, की दात येत असलेलं, प्रवासाने शिणलेलं, दुपारची झोप हुकलेलं कुठलंही पोर हेच सगळं करतं. म्हणून उंचीवर नव्याने आलेलं मूल बिघडलं तर, दुसरं कारण नक्की सापडेपर्यंत, उंचीच धरायची आणि खाली यायचं. बहुतेकदा ३०० ते १,००० मीटर उतरल्यावर फरक पडतो. वर थांबून 'सकाळपर्यंत बघू' करायचं नाही. धाप लागतेय, मूल सुस्तावलंय, ओठ निळसर दिसतायत, तर उतरता उतरता दवाखाना गाठायचा.

सर्दी-खोकला किंवा ताप नुकताच होऊन गेला असेल तर उंच जाणं पुढे ढकला. अशा मुलांच्या फुप्फुसात उंचीवर पाणी होण्याचा धोका वाढतो. जन्मतः हृदयाचा दोष आहे, वेळेआधी जन्म झालाय, फुप्फुसाचा जुना त्रास आहे, तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही.

आणि ऊन. दर १,००० मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्के वाढतात, पातळ ढगातून तर बरीचशी तशीच खाली येतात. गार वाटतं म्हणून कुणी क्रीम लावत नाही आणि रात्री पोराचे गाल लाल.

पाऊलखुणा

@कडूकाढा, खूप आभार. पण खिंडीत आम्ही झोपणार नाही, गाडीने जाऊन तासाभरात परत. मग चालेल का?

कडूकाढा

त्रास पोचल्या पोचल्या होत नाही, काही तासांनी, बऱ्याचदा पहिल्या रात्री सुरू होतो. त्यामुळे निरोगी मुलाला तासाभरासाठी नेऊन आणलं तर उंचीच्या हिशेबाने फार काळजी नाही. पण पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नको, दोन रात्री २,००० वर जाऊ द्या. आणि परतीचा रस्ता बंद पडण्याची शक्यता किती हे आधी विचारा. तासाभराचा बेत दरड किंवा बर्फामुळे मुक्कामाचा होतो, आणि मग सगळा हिशेब बदलतो.

सॅकवाला

सॅक की ढकलगाडी, यावर मी हक्काने बोलणार.

ढकलगाडी मुक्कामाच्या आवारात ठीक. दगडी वाट, पायऱ्या, चिखल आला की तिला आणि पोराला, दोघांनाही उचलायची वेळ येते. चौकटवाली बाळसॅक घ्या, पण घरी दोन-तीनदा पोर बसवून जिने चढा-उतरा. पोर, सॅक, पाणी आणि कपडे धरून वजन बरंच होतं, गुडघे लगेच सांगतात.

पोर पाठीवर असतं तेव्हा त्याचं डोकं तुमच्या डोक्याच्या वर असतं. फांदी तुम्हाला लागत नाही, त्याला लागते. दाराच्या चौकटीतून जाताना गुडघ्यात वाका, कंबरेत वाकलात तर पोर पुढे झुकतं. सॅक खाली ठेवताना मागचा टेकू पूर्ण उघडलाय ना ते बघा, आणि बाकावर, कट्ट्यावर कधीही ठेवू नका. ती उलटते.

सर्वांत महत्त्वाचं थंडीचं. तुम्ही चढताना घामाघूम झालेले असता, वाटतं हवा छान आहे. पाठीवरचं पोर हलत नाहीये, त्याच्या अंगात ऊब तयार होत नाहीये, वर वारा लागतोय तो त्यालाच. पाय लोंबकळून पट्ट्यांशी दाबले जातात, तेच आधी गार पडतात. अर्ध्या तासाने उतरवा, पळू द्या. गार पडलंय का हे हात लावून बघायचं तर मानेमागे, शर्टाच्या आत. बोटं गारच असतात, त्यावरून काही कळत नाही. आणि 'शांत बसलंय, किती गुणी' असं वाटलं तर आधी थांबून बघा. कुडकुडून गप्प झालेलं पोर लांबून गुणीच दिसतं.

टिवल्याबावल्या

आमचं पोर शांत बसलं की आम्ही न विचारता धावतो. डोंगर असो की दिवाणखाना.

लेकुरवाळा

गाडीतल्या गोष्टी मी सांगतो.

थंडी आहे म्हणून पोराला जाड, फुगीर जॅकेट घालून कारसीटमध्ये बांधू नका. पट्टा वरून घट्ट वाटतो, पण धडक बसली की जॅकेट चेपतं आणि पट्टा सैल पडतो, पोर निसटू शकतं. पातळ थर घालून बांधा, पांघरूण वरून टाका. खांद्याच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरून बघा, चिमटीत येत असेल तर सैल आहे.

नळीवाली बाटली खाली भरली आणि वर जाऊन उघडली तर आतल्या हवेच्या दाबाने दूध नळीतून उसळून बाहेर येतं. थेट तोंडावर. आमच्याकडे गाडीच्या छतावर अजून डाग आहे. उघडताना आधी बूच सैल करा, मग नळी वर काढा.

उतरताना पोराला जागं ठेवता आलं तर बघा आणि काहीतरी प्यायला द्या. गिळलं की कान मोकळे होतात. झोपेत गिळणं कमी होतं, मग तळाशी पोचेपर्यंत कान दुखून भोकाड.

झुळूक७

घाटात उलटीचं काय? आम्ही निम्म्या वाटेवरून परत फिरलेलो आहोत. पिशव्या, लिंबू, खिडकी उघडी, सगळं करून झालं.

कडूकाढा

@झुळूक७, गाडी लागणं हे साधारण दोन वर्षांनंतरचं दुखणं. त्याआधीची मुलं बहुतेक त्यातून सुटतात, पुढे बाराव्या वर्षापर्यंत मात्र भरपूर लागते. दीड वर्षाचं ओकलं तर पोट गच्च भरल्यामुळे, खोकल्यामुळे किंवा गाडी तापल्यामुळे असू शकतं. निघण्याआधी पोटभर दूध नको, थोडं थोडं द्या. झोप येणारी उलटीची औषधं मनाने देऊ नका. काही मुलं त्याने झोपायच्या ऐवजी उधळतात.

झुळूक७

डॉक्टर, मान देऊन असहमत. आमचं पोर तेव्हा दोन वर्षांचं नव्हतं आणि प्रत्येक वळणाला ओकलं.

कडूकाढा

'बहुतेक' म्हटलंय. अपवाद तुमच्या गाडीत बसला होता.

खवचट_आजोबा

या वयात सगळ्यात जास्त गाडी आजोबांना लागते आणि त्यांना कुणी विचारत नाही.

पाऊलखुणा

आजोबा, सासऱ्यांना हा धागा वाचून दाखवला, ते तुमच्या बाजूने आहेत :) टोपीचं सांगा ना कुणीतरी. आमच्याकडे सगळ्यात मोठी लढाई तीच आहे.

दुपट्यातली

दोन टोप्या. एक फेकायला, एक घालायला.

भटकभवानी

जॅकेटलाच शिवलेली टोपी घे, वेगळी नकोच. हनुवटीखाली लांब नाड्या असलेली मात्र घेऊ नकोस, सॅकच्या पट्ट्यात किंवा झोपाळ्यात अडकतात.

टिवल्याबावल्या

सगळ्यांनी टोप्या घालायच्या आणि तिला घालायची नाही. 'तुला नाही हं मिळणार' म्हणायचं. तासाभरात ती मागेल. मोठ्या माणसांवरही चालतं हे.

सॅकवाला

मोज्यांवर एक उपाय: अंगभर एकच कपडा, पावलांसकट. पाऊस असेल तर त्यावरून पाणी न शोषणारा दुसरा. आत सुती नको, भिजलं की वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेतं. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचं बरं. सुक्या कपड्यांचा एक पूर्ण जोड, डायपरसकट, प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत सॅकच्या तळाशी. त्याला हात लावायचा नाही, अगदी 'थोडंसं सांडलंय' म्हणूनसुद्धा.

घरकोंबडा

मी विरोधीच आहे, पण जाणारच असाल तर हे ऐका. खोली गार असते म्हणून कोळशाची शेगडी नाहीतर गॅसचा हीटर बंद खोलीत लावून झोपायची पद्धत डोंगराळ भागात सर्रास दिसते. धूर दिसला नाही तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. रंग नाही, वास नाही. लहान मुलांचा श्वास भरभर चालतो, त्यांना आधी बाधतो. डोकं जड होणं, मळमळ, सुस्ती, उलटी, आणि सगळे म्हणतात उंची लागली. बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटलं तर संशय हीटरवर घ्या. जास्त पांघरुणं मागा, विजेचा हीटर मागा, आणि झोपताना पेटतं काही खोलीत ठेवू नका. बॅटरीवर चालणारं शोधक यंत्र मिळतं, ते सोबत न्या.

कडूकाढा

@घरकोंबडा, या प्रतिसादाला माझ्याकडून उभं राहून सलाम. याचा विषय सगळ्यात आधी मी काढायला हवा होता.

दुपट्यातली

घरात बसून एवढी माहिती? घरकोंबडा तुम्ही नक्की कुठलं घर राखता?

घरकोंबडा

पूर्वी खूप फिरलोय, म्हणूनच आता फिरत नाही.

सून_क्रमांक_दोन

सगळे कपडे-सॅक बोलतायत, मूळ धाग्यातल्या शेवटच्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही. परत फिरायचं हे ठरवायचं कुणी?

आमच्या घरी मोठं खटलं आहे, दीर-जावा, नणंद, सगळे मिळून निघतो. त्यामुळे हा प्रश्न आम्हाला सोडवावाच लागला. चर्चा करून परत फिरता येत नाही. वाटेत एकाला पुढे जायचं असतं, दुसऱ्याला नाही, तिसरा 'तुम्ही ठरवा' म्हणतो, आणि तोवर अर्धा तास पोर वाऱ्यात. म्हणून निघण्याआधीच्या रात्री, सगळे जेवलेले आणि कोरडे असताना, अटी ठरवायच्या. गडगडाट ऐकू आला, परत. बदलायचे कपडे संपले, परत. अकरा वाजले, कुठेही असू, परत. पोराने दोन वेळचं खाणं नाकारलं, त्या दिवशी वर जाणं नाही. यातली एक जरी गोष्ट झाली की वाद नाही, कुणी 'अजून थोडं' म्हणायचं नाही.

आणि या अटींपलीकडे एकाच माणसाला नकाराचा हक्क द्यायचा. तो माणूस सहल ज्याच्या हौसेने ठरली तो नसावा. तुझ्याकडे खिंड नवऱ्याची हौस आहे, मग नकार त्याच्याकडे नको. सासूबाईंकडे दे.

पाऊलखुणा

सासूबाईंकडे?! त्या घराच्या फाटकापाशीच नकार देतील.

सून_क्रमांक_दोन

नाही देणार. आत्ता त्या नको म्हणतायत कारण त्यांना कुणी विचारलेलं नाही, नुसतं कळवलंय. 'आई, वर गेल्यावर परत फिरायचं की नाही हे तुम्ही सांगायचं, तुम्ही म्हणाल तेव्हा गाडी वळवायची' असं एकदा म्हणून बघ. आमच्या सासूबाई त्यानंतर खिडकीत बसून ढग बघायला लागल्या आणि सगळ्यांच्या आधी तयार व्हायच्या. शिवाय मोठं माणूस मुक्कामी थांबायला तयार असेल तर त्याच्यासारखं सुख नाही. हवा बिघडली तर पोर आजीपाशी, तुम्ही दोघं भिजत एक चक्कर मारून या.

भटकभवानी

अनुमोदन. फक्त आजीला गृहीत धरू नका, त्याही सुट्टीवर असतात.

अंदाजपंचे

गडगडाटाची अट फार योग्य. ऐकू येतोय म्हणजेच वीज पडू शकेल इतक्या टप्प्यात तुम्ही आहात. वीज दिसल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. पण अंतर मोजून 'अजून लांब आहे' असं समाधान करून घ्यायचं नाही, पुढची तुमच्या डोक्यावर असू शकते. पक्क्या भिंतींची इमारत किंवा काचा वर केलेली, पत्र्याचं छत असलेली गाडी. एकटं झाड, उघडी धार आणि चार खांबांवरचं छप्पर, या तिन्हीपासून लांब. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. दीड वर्षाच्या पोराला अर्धा तास गाडीत कसं रमवायचं ते माझ्या विषयात येत नाही.

वरच्या बाजूला पाऊस झाला की खालचा ओढा इथे ऊन असतानाही फुगतो, तेही लक्षात असू द्या. पाणी गढूळ झालं, काड्या-पानं वाहून यायला लागली, की काठावर दगड टाकण्याचा खेळ बंद.

टिवल्याबावल्या

गाडीत अर्धा तास: चिकटपट्टीचे तुकडे. हातावर लावायचे, ती काढते. स्वस्त आणि अक्षय.

पाऊलखुणा

मंडळी, एवढं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं. ठरलं ते सांगते.

जातोय. सासूबाईंना काल रात्री विचारलं, सून_क्रमांक_दोन म्हणाल्या तसंच. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मी म्हणेन तेव्हा म्हणजे तेव्हाच हं, मागाहून तोंड वाकडं करायचं नाही." नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. त्याने मान डोलावली आहे, मी साक्षीला आहे.

खिंड मधल्या दिवसांतल्या ज्या सकाळी अंदाज स्वच्छ असेल तेव्हाच. कुठलीच सकाळ तशी मिळाली नाही तर खिंड नाही. नवरा यावर अजून धुसफुसतोय, 'एवढ्या लांब जाऊन' वगैरे. मग असं निघालं की तशी वेळ आली तर तो एकटा पहाटे जाऊन येईल, आम्ही खडीत दगड टाकत बसू. बाळसॅक एका मैत्रिणीकडून आणलीय, जिन्यावर सराव चालू आहे, कन्येला त्यात बसून त्याचे केस ओढायला फार आवडतंय.

राहण्याच्या दोन जागा समोर आहेत. एक दरीच्या तोंडावर, मोठी गॅलरी, नजारा अफाट. दुसरी आतल्या बाजूला, बैठी, समोर छप्पर असलेला ओटा, दिसत काहीच नाही. कुठली घेऊ?

खवचट_आजोबा

दरीवाली. म्हातारपणी तेवढंच उरतं बघायला.

भटकभवानी

आजोबांची माफी मागून, आतली घे. पावसाच्या दिवशी त्या छपराखालच्या ओट्यावर ती दिवसभर पळेल, तिथे बादलीत पाणी आणि एक डाव दिला की झालं. गॅलरीच्या खोलीत पाऊस पडला की दार लावायचं आणि दाराशी पहारा द्यायचा, एवढंच काम उरतं.

तरी नजाराच हवा असं घरचे म्हणाले तर पैसे भरण्याआधी कठड्याचा फोटो मागव. उभ्या गजांमधलं अंतर १० सेंटीमीटरहून जास्त नको, आणि पाय ठेवून चढता येतील असे आडवे गज तर मुळीच नकोत. गॅलरीत खुर्ची-टेबल असेल तर पोचल्या पोचल्या आत घे. दाराला वरून कडी आहे का, तेही त्याच फोनवर विचार.